बरोब्बर चार अंश

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आईचा रक्तदाब कसा आहे? (ती शेजारी बसली असेल तर पत्र घेऊन आतल्या खोलीत जा.) आम्ही दोघं ठीक. म्हणजे सहा वर्षं मूल नाही आणि दोष सुनेचाच, हे आई दर आठवड्याला फोनवर ऐकवते, ते धरून ठीक.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकोच्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्या, आता नवरोबांची एकदा करू. नमुना घरून तासाभरात पोचवायचा होता. सूचनांचा कागद मी वाचला नाही. चौदा वर्षं शीतगृहात सुपरवायझर आहे, नासणारा माल कसा न्यायचा हे मला कुणी शिकवायचं? डबी बर्फाच्या पेटीत ठेवली, सोबत थर्मामीटर, वर वेळ, तापमान आणि ‘ही बाजू वर’ अशी चिठ्ठी, आणि प्रयोगशाळेतल्या बाईंपुढे ऐटीत मांडली. बरोब्बर चार अंश. दोन दिवसांनी अहवाल आला, एकही शुक्रजंतू हलत नाही. आठ दिवस तो कागद कामावरच्या बुटात लपवला (डाव्या), हिची नजर चुकवली, आईचा फोन वाजला की गच्चीवर पळालो. हिला वाटलं, माझी नोकरी गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नमुना आणला कसा? मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डबी अंगाच्या उबेला धरून आणायची असते म्हणे. मीच सगळ्यांना गारठवून मारलं होतं.

दुसऱ्या वेळी डबी बनियनच्या आत घालून नेली. सगळे जिवंत, संख्या भरपूर, पळतातही झकास. मी निघायला उठलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसा. मग आणखी एक तपासणी, आणखी दहा दिवस. निदान असं, की शुक्रजंतू घडताना एक एन्झाइम लागतं, ते माझ्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्यांची डोकी कच्ची राहतात. बीजांडापर्यंत पोचतात, पण त्याचं आवरण भेदता येत नाही. (माल चोख, गाडी वेळेवर, गेटपास नाही.) सुईने एक शुक्रजंतू थेट बीजांडात सोडून बघता येईल, पण जमेलच असं नाही. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती कोरडे हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं. सहा वर्षं आईपुढे मी गप्प बसलो होतो. मला फार लाज वाटली.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम हे की आईला तूच सांग. तू थोरला, तुझं ती ऐकते. दोष माझा, एवढंच सांग. एन्झाइम वगळलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा : वरचं रद्द. पत्र हिने वाचलं. म्हणते, सहा वर्षं मी एकटीने ऐकलं, आता एकदा तुम्ही समोर बसून ऐका. रविवारी येतो. तू फक्त घरी थांब.