सही येणाऱ्या बाया

११ जानेवारी १९४६
येडशीला गाडीतून उतरले, पुढं टांगा केला. तुरुंगाच्या दारोगासाहेबांनी आग्रहानं चहा पाजला. बायकांच्या बराकीत नऊ कैदी आहेत. कुणाला किती अक्षरं येतात ते तपासायचं आणि तीन महिन्यांत प्रत्येकीला निदान सही शिकवायची. हैदराबादेत प्रशिक्षण घेतल्यानंतरचं हे पहिलंच काम. वर्गाची खोली कोरडी, खिडकी पूर्वेला, पाट्या नव्या. समाधान वाटलं.

१४ जानेवारी
तपासणी झाली. नऊही जणी निरक्षर, आणि शिकायला एकही राजी नाही. हरणाबाई म्हणाली, म्या जात्यावर हात चालवते तेवढं लई झालं, पाटीवर चालवून काय फौजदार व्हायचंय? सगळ्या हसल्या. मी पाट्या वाटल्या.

२ फेब्रुवारी
सायराबीला सही आली. नोंदवहीत तसं लिहिलं. दारोगासाहेब खूश. अंगठ्याला दोन साक्षीदार आणावे लागतात, सहीला कुणी लागत नाही, असं म्हणाले.

५ फेब्रुवारी
सायराबी वर्गात नाही. मागच्या दवाखान्यात कामाला नेली, असं कळलं.

१९ फेब्रुवारी
अन्वरी आणि द्वारकाबाई सही शिकल्या. त्याही दवाखान्यात. परत कुणीच आलेली नाही. आज तिघींचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातले होते. उरलेल्या सहाजणी पाटीवर मुद्दाम रेघोट्या ओढतात. फार थकले आहे.

२० फेब्रुवारी
दारोगासाहेबांच्या टेबलावर कागद दिसला. उर्दूत. बायकांना मजकूर वाचता येत नाही, मला येतो. डॉक्टरांचं नवं औषध राजीखुशीनं टोचून घेते, मेल्यास कुणाची तक्रार नाही. खाली सायराबीची मराठी सही. 'रा'चा काना वाकडा. मीच चालवून घेतला होता.

२१ फेब्रुवारी
नोंदवहीत हरणाबाईच्या नावापुढं 'सही येते' असं मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. खोडलं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमाला वाटलंच व्हतं बाई, तुमालाच न्हाय वाटलं.

२३ फेब्रुवारी
दारोगासाहेबांनी हरणाबाईपुढं तो कागद आणि टाक ठेवला. तिनं शाईत अंगठा बुडवला. साक्षीदार कोण येणार— तिला बराकीत परत पाठवलं. मला थांबवलं. खोडलेली ओळ दाखवली. डॉक्टरांना आज एक सही हवीच, म्हणाले.

तोच दिवस
वर्गाला बाहेरून कडी. कागदावर माझं नाव. सही करणार नाही म्हटलं. अंगठा देते, दोन साक्षीदार बोलवा. ते हसले.
माझी सही त्यांच्याकडं नोंदवहीच्या सोळा पानांवर आहे.
भिंतीपलीकडं कारकून ती गिरवतो आहे. टाकाची करकर— पुन्हा—
थांबली. कडी काढ—