काठोकाठ भरलेला पियाला

प्रिय कानिशाय,

तू कामावर येणं सोडलंस त्याला आज नऊ दिवस झाले. लोकरीचा मोठा नमदा अर्धा कापलेला तसाच पडून आहे. परवा शेकेरआपाने सुरी घेऊन मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापायला घेतली. ती शिंगांपेक्षा तिच्या नवऱ्याच्या कानांसारखी जास्त दिसते. म्हणाली, "गिऱ्हाईकाला सांगू, नवीन नमुना आहे." कोणी हसलं नाही. आमच्यात हसायला सुरुवात तूच करायचीस.

मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तुला शाळेपासून माहीत आहे.

मंगळवारी बिश्केकहून एक बाई आल्या होत्या. कामावर माणसं कशी भांडतात त्याचे पाच प्रकार त्यांनी भिंतीवर लावले. अंगावर जाणारे, पडतं घेणारे, टाळणारे, निम्मं-निम्मं करणारे आणि एकत्र बसून मार्ग काढणारे. मग प्रत्येकाला विचारत सुटल्या, राग आला की काय करता? शेकेरआपा म्हणाली, "मी कशाला काय करू? सासूला पाठवते." हे कुठल्या रकान्यात बसवावं ते बाईंना कळेना. असान ड्रायव्हर म्हणाला, "मी हो म्हणतो आणि करत नाही." त्याला त्यांनी पडतं घेणाऱ्यांत घातलं. तो दिवसभर खूश होता. मी म्हणाले, "मी चहा देते." बाईंनी माझं नाव थेट पाचव्या रकान्यात लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यांनी जमिनीकडे बघत टाळ्या वाजवल्या. शेकेरआपाला खोकला लागला तो थांबेना.

बाईंना काय माहीत. एजे गेली, तिचा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतरचा पहिला सोमवार; तू कामावर आलीस तो शेवटचा दिवस. कामावरच्या चहाला माझी ही थोरली बहीण वीस वर्षं ज्या मानाच्या गादीवर बसली तिथे तू बसलीस. आपल्यात मानाच्या माणसाला चहाचा पियाला अर्धाच भरून देतात, आणि मी तुझा काठोकाठ भरला. नकोशा पाहुण्यालाही 'ऊठ आता' असं इतक्या उघडपणे कोणी सांगत नाही. तू थेंबही न सांडता तो संपवलास, कोट चढवलास आणि गेलीस. बायका म्हणाल्या, "बिचारीचा हात थरथरला, बहीण गेलीये." मी त्यांना म्हणू दिलं.

हात थरथरला नव्हता. आणि तू न विचारता बसलीस असं सगळे म्हणत होते, तेही खोटं. आदल्या दिवशी तू माझ्या घरी येऊन विचारलं होतंस, "बात्मा, ती जागा रिकामी बघवत नाही गं. मी बसू? तुला चालेल?" मी म्हणाले, "बस की." मला नको म्हणायचं होतं. पण माझ्या वतीनं नको म्हणायचं काम जन्मभर एजेच करत आली.

आज सकाळी सगळ्यांसमोर हे सांगून टाकलं. शेकेरआपा म्हणाली, "मग आम्हाला काय सांगतेस? तिच्याकडे जा की." समोर आले की माझी वाचा बसते, म्हणून आधी हे लिहिलं. टपालात टाकत नाही. तुझ्या सुनेच्या हाती आत पाठवते आहे, आणि तू वाचशील तोवर मी फाटकापाशी उभी आहे. बाहेर ये आणि भांड माझ्याशी. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल. या वेळी मी मान डोलावणार नाही, तुला उलट उत्तर देईन. आणि मग विचारीन, उद्या येतेस ना?

तुझीच, फाटकाबाहेरची,
बात्मा