रापण ओढण्यास सक्त मनाई

११ ऑगस्ट, सोमवार
पाच किलोचं डंबेल तीन दिवस सापडत नव्हतं. आज सापडलं. स्टाफरूमच्या दाराशी. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून भूगोलाच्या शिवलकरांनी लावून ठेवलं होतं. शास्त्रीय उपकरणाची ही विटंबना! लेखी निषेध दिला. शिवलकर शेंगदाणे खात म्हणाले, अहो, निदान कशाच्या तरी कामाला आलं. रेड्यानं एकदा वेद म्हटले होते. शिवलकरांकडून तेवढीही आशा नाही.
डंबेल परत आणलं. त्यावर नाव घालणार.

१३ ऑगस्ट
प्राचार्यांचं बोलावणं. दोन वर्षांपूर्वी माझा संस्कृत विभाग बंद झाला (विद्यार्थिनी एक, तीही लग्न होऊन पावसला गेली), तेव्हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून मी कॉलेजचा स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच झालो. प्राचार्य या पदाला अजून 'प्रायोगिक' म्हणतात. म्हणाले, डिसेंबरात झोनलला मुलींची रस्सीखेच टीम फायनलला गेली तर पद राहील. नाहीतर बघू.
'बघू' म्हणजे काय, हे रत्नागिरीत जन्मलेल्याला कोशात पाहावं लागत नाही.
मी म्हटलं, फायनलचं काय घेऊन बसलात, ढाल आणतो.

१८ ऑगस्ट
सोळा आठवड्यांचं कालविभाजन तयार. मोठा रंगीत तक्ता. वॉर्म-अप म्हणजे पूर्वरंग, कूल-डाऊन म्हणजे भरतवाक्य, स्क्वॉट म्हणजे उपवेशनोत्थानम्. मुली आठ. कॅप्टन सलोनी, मांडवीची, घरचा मासेमारीचा धंदा. तक्ता बघून म्हणाली, सर, म्हणजे उठाबशाच ना?
अज्ञानाशी वाद घालू नये. घातला नाही.

२५ ऑगस्ट
पहिल्या टप्प्याचा कळस. उपस्थिती शून्य. परवा गणपती. टीममधली वेदिका शनिवारीच विचारून गेली, सर, तुम्ही नाय जात गावाला? शास्त्राला सुट्टी नसते, असं तिला ठणकावलं. (मी दुपारच्या एसटीनं गुहागरला चाललो आहे. पण ती निराळी बाब.)

२२ सप्टेंबर
उपस्थिती दोन. संख्येपेक्षा गुणवत्ता महत्त्वाची.
बाकीच्या सहा कुठे, हे अखेर कळलं. रापणीला. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर अख्ख्या आळीनं वाळूत उभं राहून ओढायचे, असा हा अडाणी प्रकार. सलोनीची आत्या धोंडूबाई तिथली मुकादम. सलोनी म्हणते, सर, ओढून ओढून आमची कंडिशनिंग तिथंच होते की!
फळ्यावर ठळक लिहिलं: रापण ओढण्यास सक्त मनाई. कारण तो अनियंत्रित भार आहे. सेट नाहीत, रेप्स (म्हणजे आवर्तनं) नाहीत, विश्रांतीचा काळ नाही. बांगडे मोजतात, रेप्स मात्र एकजणही मोजत नाही!

१३ ऑक्टोबर
मनाई कडक पाळली जात आहे. तीन आठवडे फक्त रबरी पट्टे आणि उपवेशनोत्थानम्.
सराव सामना, मुली विरुद्ध स्टाफ. स्टाफ विजयी. वेळ अकरा सेकंद. कारणं: (१) मैदान ओलं. (२) शेवटच्या टोकाला शिवलकर. तो माणूस नव्हे, भूभाग आहे. वेदिका टीममधल्याच संस्कृतीच्या कानाला लागली, रापणीला जायचो तेव्हा ह्याच लोकांना आपण चिखलात लोळवलेलं गो!
ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६.३०
खबर आहे की दिवाळीनंतर मनाई राजरोस मोडली जाते. मांडवीला जाऊन रंगेहाथ पकडणार. सोबत वही, शिट्टी, टोपी. कंबर कसली.

तोच दिवस, ११.००
कंबर गेली.
आठही जणी दोराला होत्या. एकही लाजली नाही. मी शिट्टी वाजवली; समोरून कुत्रं आलं. धोंडूबाई म्हणाली, मास्तर, दोराजवळ रिकामा मानूस उभा ऱ्हात नाय. हात लावा, नायतर बाजूला व्हा.
बाजूला होणं पदाला शोभलं नसतं. लावला. लगेच ओरडली, हातान काय वडताव? टाचा रोवा नि पायान मागं रेटा! हे तंत्र माझ्या कोर्सच्या चौथ्या व्हिडिओशी पूर्ण विसंगत आहे. तिसऱ्या खेचीला कमरेत कट् झालं.
सलोनी आणि संस्कृतीनं उचलून रिक्षात घातलं. उचलण्याची पद्धत चूक होती. वेग बरा होता.

१७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पडून राहा. व्यायाम करता का, असंही विचारलं. अपमान गिळला.
संध्याकाळी कागदात गुंडाळलेले सहा बांगडे घरी आले. निरोप: दोराला हात लावला, त्याचा वाटा असतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंही आलेलं नाही. सौ. पुडकं दोन बोटांत धरून म्हणाली, अहो, तुम्ही नक्की कोच आहात की खलाशी?
शेजारी देऊन टाकले. रात्रीच्या जेवणाला तिकडून सोलकढी आली. चांगली होती.

२४ नोव्हेंबर
आडव्या अवस्थेतूनही मार्गदर्शन अखंड चालू. टीमच्या ग्रुपवर अठ्ठावीस व्हॉइस नोट. प्रत्येकी सहा मिनिटांची. संस्कृतीनं एकीला अंगठा दिला. पाठवून चार सेकंद झाले होते.

६ डिसेंबर, शनिवार
झोनल यंदा इथंच. मला जिने उतरायची मनाई. चार वाजता सलोनीचा फोन. मागे नुसता गोंगाट. सर, ढाल! फायनलला दोन्ही खेची आपल्या! मी विचारलं, पूर्वरंग नीट केलात ना? म्हणाली, नाय सर, सकाळी रापण ओढली नि तशाच आलो.
निष्कर्ष: कालविभाजनाचा विजय. पाया मी घातला होता, त्यावर कोणीही कळस चढवला असता. पद पक्कं. नवीन तक्त्यासाठी कागद आणायला सांगितला.

९ डिसेंबर
सत्कार. कमरेला पट्टा बांधून गेलो. प्रमुख पाहुणी धोंडूबाई. प्राचार्य भाषणात म्हणाले, सर आजारी असतानाही, किंबहुना कोणत्याही उपकरणाशिवाय, या मुलींनी करून दाखवलं. 'असतानाही' इथे मुली हसल्या. सगळ्यात मोठ्यानं शिवलकर.
नंतर केबिनमध्ये प्राचार्य फार मऊ बोलले. फायनल तर झालीच, सर. पण टीम आपली आपणच तयार होते आहे, तेव्हा पुढच्या वर्षी या पदाचं... बघू.
फाटकापाशी धोंडूबाई थांबली होती. मास्तर, कंबर कशी हाय? रविवारी येताव? म्हटलं, बघू.
टोपी घ्यायला स्टाफरूमकडे वळलो. दार आपटत होतं. कपाटातून डंबेल आणून लावलं. दार थांबलं.
कंबर बरी होईल. पदाचं घरी सांगता येईल, सौ.ला बहुधा कळलंच असेल. एकावन्न वर्षांचा आहे मी. संस्कृतचा वर्ग बंद झाला तेव्हाही आणि आताही, मी नव्हतो म्हणून कुणाचंच काही अडलं नाही. मला त्याची भीती वाटते.