दाब, धर, सोड

ती. वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला ग्रीस आहे, तीनदा साबण लावूनही गेलेलं नाही, नमस्कार तेवढा स्वच्छ मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट आवाज येतो म्हणून मागच्या पत्रात लिहिलं होतंत. ते वाचून तुमचे बंधुराज म्हणाले, वंगण कमी पडलं असेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो, हल्ली माणसाच्या दुखण्याचाही विचार ते त्याच अंगानं करतात. मला शिंक आली तरी आधी मान तिरपी करून ऐकतात, कुठल्या बाजूनं आली ते. बाकी मी ठीक आहे. कंबर तेवढी धरते, त्याचं कारण पुढे येईलच.

पत्राचं कारण अर्थातच ती गाडी. ह्यांनी तुम्हाला फोटो पाठवला होता, पण तो तिच्या बऱ्या बाजूनं काढलेला आहे. खरी पाहाल तर दोन माणसांची, कापडी टपाची, एके काळी लाल असलेली स्पोर्ट्‌स कार. वय एक्केचाळीस, म्हणजे आमच्या संसारापेक्षा तीन वर्षांनी थोर. उंची इतकी कमी की आत बसायचं तर आधी रस्त्यावर बसकण मारायची आणि मग सरकत जायचं. बाहेर यायचं तर कुणीतरी हाताला धरून ओढावं लागतं, आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. (कारण आलं बघा.) ज्या माणसानं जन्मभर विमा कचेरीत दुसऱ्यांच्या अपघातांच्या फायली चाळल्या, जेवताना कोण कुठल्या वळणावर कसा गेला यापलीकडे ज्याला घरात दुसरा विषय नव्हता, त्यानं निवृत्त झाल्या झाल्या हे असलं काही दारात आणून उभं करावं, याला काय म्हणायचं? विचारलं तर म्हणाले, चालवायला नाही, नुसती बघायला. मग तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, आणि ह्यांनी जाहीर करून टाकलं की आपण गाडीनं जायचं. तीनशे किलोमीटर, मध्ये तो घाट, आणि शेजारच्या सीटवर मी.

वन्सं, आता सांगते ते तुमच्यापाशीच राहू द्या. उन्हाळ्यात हे स्टुलावर चढून बल्ब बदलत होते आणि एकाएकी भिंतीला धरून उभे राहिले. दोनच सेकंद. डोळ्यांपुढे जरा फिरल्यासारखं झालं म्हणाले, आणि ताईला कळवशील तर खबरदार म्हणून वर मलाच दम भरला. मी कळवलं नाही. पण त्या दिवसापासून हे स्टुलाकडे वळले की मी आधी जाऊन स्टूल धरते. ते दोन सेकंद घाटात आले तर? अशा फायलींत पुढे काय लिहितात ते मला तोंडपाठ आहे.

म्हणून मी जे केलं ते केलं. गाडी पोचवायला आलेला म्हातारा मिस्त्री चहा पिता पिता बोलून गेला होता की आधीचे मालक गाडी रस्त्यात लावली की इंजिनातला एक चिमुकला भाग काढून खिशात टाकून जायचे. रोटर म्हणतात त्याला. अंगठ्याच्या पेराएवढा, वर पितळेची पट्टी, एका काळ्या टोपणाखाली बसलेला. तो नसला की चोरानं किल्ली फिरवून फिरवून जीव दिला तरी गाडी सुरू व्हायची नाही. (हे तेव्हा बिस्किटं आणायला आत गेले होते, अशी माझी समजूत आहे.) तर एका सकाळी हे दाढी करत होते तेवढ्यात मी गॅरेजमध्ये गेले, टोपण काढलं, रोटर उचलला, टोपण होतं तसं लावलं आणि येऊन पोळपाटाशी—नाही, खोटं कशाला बोलू, येऊन खुर्चीत धपकन बसले. अडतीस वर्षांत ह्यांच्यापासून लपवलेली ही पहिली वस्तू. (बिस्किटांचा डबा धरत नाही.)

मला वाटलं, दोन दिवस किल्ली फिरवतील, चरफडतील आणि मुकाट्यानं रेल्वेची तिकिटं काढतील. छे! माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी बाही वर करून उभे, आणि टॉर्च धरायला मी. पहिल्याच झटक्यात त्यांनी ते काळं टोपण उघडलं. मी उजेड झटकन टायरवर नेला, तो ह्यांनी परत आत वळवला. ह्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, ‘हं’ म्हणाले, टोपण लावलं आणि निकाल दिला की दोष कार्बोरेटरमध्ये दिसतो. मला हसावं की रडावं कळेना. एवढा शिकलासवरलेला माणूस, नाकासमोर रिकामी जागा, आणि दिसू नये? मग मिस्त्रीला बोलावलं. त्यानंही टोपण उघडलं, आत पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, खोकला, आणि म्हणाला, केस अवघड आहे, वेळ लागेल. ह्याचा तर जन्म गेला हो गाड्यांत! पुन्हा म्हणून मी त्याच्याकडून मिक्सरसुद्धा दुरुस्त करून घेणार नाही.

तेव्हापासून दीड महिना आमच्या घरात गाडी आणि गाडीत आमचं घर अशी गत आहे. कार्बोरेटर दोन निघाले (एक पुरत नाही म्हणे), ते दहा दिवस जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पसरले होते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. त्यातल्या जेट नावाच्या पितळी नळ्यांना सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. ह्यांची बोटं जाड, चष्मा घसरतो, म्हणून ते साफ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते असे लख्ख केले की ह्यांनी खिडकीशी धरून त्यातून आभाळ पाहिलं आणि मलाही दाखवलं. गाडीची एक सीट काढून बैठकीत ठेवली होती. शेजारच्या शिक्षिकाबाई आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत तीत बसल्या. अर्धा तास गेला. त्या उठायला बघतात, जमत नाही, पण संकोचानं बोलतही नाहीत, नवनवे विषय काढतात. शेवटी हे एका बाजूनं आणि मी एका बाजूनं. त्याच बाईंच्या देखत ह्यांनी तेराचा पाना मागितला, मी म्हटलं तिथे बाराच बसेल, आणि बाराच बसला. साक्षीला बाई होत्या म्हणून बरं, नाहीतर हे साफ कानांवर हात ठेवते.

मग ब्रेकची पाळी आली. (जी चालतच नाही तिला थांबवायची एवढी घाई कशाला, असं मी विचारलं.) ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरते, ती काढायला दोन माणसं लागतात, एकट्याचं ते काम नाही. मी आत बसून ब्रेक दाबायचा आणि हे चाकामागे आडवे पडून एक छोटा नट सैल करणार. हुकूम तीनच: दाब, धर, सोड. ‘धर’ म्हटलेलं असताना पाय सुटला की हवा परत आत आणि सगळं पहिल्यापासून. पहिली दहा मिनिटं एवढाच संवाद चालला. आमच्यात त्याहून लांबलचक असा कधी झालाही नव्हता म्हणा. आणि मग खालून एकदम आवाज आला, की मी पहिलीत असताना ताईनं कॅलेंडरवरचं लाल गाडीचं चित्र कापून माझ्या दप्तरात आतून चिकटवून दिलं होतं, महिना संपायच्या आत कापलं म्हणून वडिलांचा मार तिनं खाल्ला, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाही. वन्सं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! ऐकता ऐकता पाय सुटला. हवा आत. पुन्हा दाब, पुन्हा धर. दुसऱ्या चाकाला त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी मित्राचे बूट घालून गेले होते ते सांगितलं, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले. तिसऱ्या चाकाला माझा पाय पुन्हा सुटला. (तो सुटला नव्हता, मी सोडला.) चार चाकांना चार दिवस लागले.

असो. लिहिण्याच्या भरात वाहवत गेले. आता सगळं जागच्या जागी बसलं आहे, गाडी तेवढी सुरू होत नाही. तुमच्या घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांगा, गुडघ्याला शेक द्या, आणि ह्यांचं वंगणाचं बोलणं मनावर घेऊ नका.

तुमची भावजय

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुम्ही ह्यांना लिहा, की आमच्या गल्लीत पाइपासाठी खणून ठेवलं आहे, गाडी आत येणार नाही, तेव्हा रेल्वेनंच या. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. माझा मोडून मोडून त्यांना सवय झाली आहे.

ता. क. २. रोटर शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत आहे. एका माणसाला तरी ठाऊक असावं. वाचून झालं की हे पत्र फाडून टाका. आणि उत्तराची अगदी घाई नाही. पुढच्या आठवड्यात हँडब्रेकची तार बदलायची आहे, तिलाही दोन माणसं लागतात.

ता. क. ३. ताई, अक्षर बदललेलं दिसलंच असेल. मी, तुझा भाऊ. हिची पत्रं आजवर मीच पेटीत टाकत आलो. या खेपेला ही स्वतः टाकणार म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सध्या ती अंघोळीला गेली आहे आणि पाकीट मी किटलीच्या वाफेवर सोडवलं आहे. (तुला ते कात्रीनं कापावं लागलं असेल. घाईत गोंद सापडला नाही म्हणून इंजिनाचे सांधे बुजवायचा लेप लावला आहे.)

रोटर नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं, मी काही आंधळा नाही. मिस्त्रीला मी डोळा मारला होता. बॉबिनच्या डबीचा पत्ता चौथ्या दिवशी शर्टाचं बटण शोधताना लागला. डबी होती तशी मिटून ठेवली. चक्करेचं म्हणशील तर हिला न सांगता डॉक्टरांना दाखवून आलो. कानाचा दोष आहे, गोळ्या चालू आहेत, जिवाला धोका नाही, पण घाटात गाडी चालवायची नाही अशी सक्त ताकीद आहे. रेल्वेची दोन तिकिटं काढून गाडीच्या पुस्तकात ठेवली आहेत. ही एवढी धास्तावली असेल हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण रोटर तिच्याच खणात आहे तोवर तिला भीती नाही, अशी मी मनाची समजूत घालतो.

तेव्हा एवढं कर. हिनं सांगितलंय ते लिहू नकोस. उलट ठणकावून लिही, गाडीनंच या, मी फाटकात उभी राहून वाट बघणार आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी तिकिटं हिच्या हातावर ठेवीन. त्याआधी कळलं तर ही त्याच दिवशी रोटर जागेवर बसवेल, मी किल्ली फिरवीन, आणि हिनं जेट इतके लख्ख केलेत की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होईल. मग आम्ही दोघांनी दिवसभर करायचं काय, तूच सांग.