परत न आलेलं परमिट

३ ऑक्टोबर
आजपासून मी कामावर! गोंडपिपरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेच्या छोट्या वीज उपकेंद्रात अप्रेंटिस म्हणून रुजू झाले. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात आम्ही मुली तिघीच होतो, आणि आमच्या टोल्यातून, त्या एवढ्याशा वस्तीतून इथवर पोचलेली मी पहिलीच. सोडायला चैतूदादा आला. तो इथंच लाइनमन देवरावभाऊंच्या हाताखाली ठेक्यावर हेल्पर आहे. मी शिकावं म्हणून त्यानं दहावीनंतर शाळा सोडली. आता भेटेल त्याला सांगत सुटलाय, मी खांबावर अन् माही सोमारी बटनावर, माहा जीव आता तिच्या हाती! स्वारी नुसती हवेत आहे.

७ ऑक्टोबर
इथला मोठा नियम एकच. खांबावर चढणारा आधी टेबलावरच्या या जुन्या फोनवर परमिट मागतो. आपण लाइन बंद करायची, रजिस्टरात त्याचं नाव लिहायचं. काम संपलं की त्यानंच फोन करून परमिट परत करायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर लाइन सुरू करायची नाही. देवरावभाऊंचे गुडघे दुखतात, म्हणून चढतो दादाच आणि परमिटही त्याच्याच नावावर. फोनवर तो मला मॅडम म्हणतो. मी हसू दाबत वेळ लिहिते.
कायम भरती निघाली की मी फॉर्म भरायचा आणि मग दादाला आयटीआयला घालायचं, असं ठरलंय. तो म्हणतो, म्हातारपणी शाळेत धाडतेस काय मले. पण खूश आहे. काल माझं जुनं पुस्तक चाळत बसला होता.

१६ ऑक्टोबर
धान निसवायला, लोंब्या धरायला आलंय आणि पंप बंद, म्हणून लोक दारात ओरडत होते. देवरावभाऊंचा फोन आला, काम झालं बाई, कर चालू. मी विचारलं, दादा कुठी हाये? म्हणाले, उतरला ना, हातपाय धुवाले गेला. मी लाइन सुरू केली.
दादा उतरला होता. वर राहिलेली पक्कड आणायला परत चढला. भाऊ टपरीवर चहा घेत होते, त्यांना दिसलाच नाही.
नियम मला पाठ होता. लाइन मी सुरू केली. मी.

२५ ऑक्टोबर
परत कामावर आले. आई जाऊ नको म्हणत होती, पण घरात दादाचे कपडे दोरीवर तसेच आहेत. देवरावभाऊ येऊन आईच्या पाया पडून रडले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.
रजिस्टरात परमिट नंबर एक्केचाळीस, नाव चैतू, परत केल्याची वेळ कोरी. उपकेंद्राचे साहेब म्हणाले, रेघ मारून टाक. माझ्याच्यानं मारवली नाही.

२८ ऑक्टोबर
सकाळी अकराला फोन वाजला. दादा. म्हणाला, मॅडम, मी अजून वरच हावो.
मी लाइन बंद केली. तीन तास लोक शिव्या देत होते. शेवटी साहेबांनी येऊन स्वतः सुरू केली. तेव्हा फोन माझ्या कानाशीच होता. दादा ओरडला. फार वेळ ओरडत होता. साहेबांना ऐकूच आलं नाही.

३० ऑक्टोबर
आज फोन वाजला तो देवरावभाऊंच्या हातात दिला. कानाला लावून म्हणाले, हा तं मेला हाये बाई, वाऱ्यानं फोनची वायर तुटली, चार दिवस झाले. मागं जाऊन पाहिलं. तुटलेलं टोक भिंतीवर लोंबतंय.
ते गेल्यावर परत वाजला.

१ नोव्हेंबर
दादा म्हणतो हात जळून राह्यले. पाणी मागतो. मी कुठून देऊ— रोज अकराला. मी नुसती रडते आणि ऐकते. ठेवून द्यायची हिंमत होत नाही, ठेवला तर तो एकटा पडेल.
विचारलं, कसा उतरशील? म्हणाला, माह्या जागी कोनी वर राह्यला तं.

३ नोव्हेंबर
नवा हेल्पर मिळाला नाही. देवरावभाऊ स्वतःच चढलेत, खिडकीसमोरच्या खांबावर. परमिट त्यांच्या नावानं मीच लिहिलं.
फोन. दादा म्हणतो, सोमा, आता चालू कर.
मी म्हटलं भाऊ वर हायेत. म्हणाला, मालूम हाये मले.
नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं— हळूच विचारलं, मंग मी वरच राहू काय, सोमा?
भाऊ पाठमोरे आहेत. गुडघे थरथरतायत त्यांचे. हाक मारते तर आवाजच— फोन खांद्याशी धरलाय. उजव्या हातानं लिहितेय, हे लिहीत राहिले तर हा हात तरी— डावा मघापासून दिसत नाही, बटनापाशी—