तिसऱ्या मजल्याचा प्रश्न

ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर फोनला हात न लावणारी तूच एक. पण त्यामुळे मला पत्र लिहायची सवय राहिली आहे, तेव्हा तक्रार नाही.

बाबांच्या गुडघ्याचं तू विचारलंस. डॉक्टरांनी साफ सांगितलंय की आता जिने चढणं बंद. आणि बाबा राहतात तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. ज्या माणसाने आख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्याच्या नशिबी हा जिना. बाबांना मात्र यात गंमत वाटते. वर येणाऱ्या प्रत्येकाला ते हा विनोद ऐकवतात, आणि धापा टाकणारा माणूस हसण्याच्या अवस्थेत नसतो.

बाबांनी राहायचं कुठे, यावरून आम्हा तिघा भावंडांची फोनवर जुंपली होती. मधला म्हणतो, माझ्याकडे. शेंडेफळ म्हणते, ज्येष्ठांसाठी चांगले निवास असतात, तिथे सोबत मिळते. माझं म्हणणं, चार चार महिने तिघांकडे. शेवटी मी ठरवलं की ऑफिसा-ऑफिसांत जाऊन लोकांना एकत्र विचार करायला शिकवते, तर तेच घरी का नको? काल रविवारी सगळ्यांना बाबांच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. नियम सांगितले: सुचेल ते बोलायचं, कितीही अचाट असलं तरी चालेल, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला नाक मुरडायचं नाही. प्रत्येक कल्पना रंगीत चिठ्ठीवर, चिठ्ठी भिंतीवर.

मधल्याने बसल्या बसल्या नियम मोडला, पहिल्याच चिठ्ठीला नाक मुरडलं. शेंडेफळाने सुचवलं की खिडकीतून खुर्ची दोरीने खाली सोडावी. तोवर गप्प बसलेल्या बाबांनी लगेच पेन्सिल काढली आणि दोर किती जाड लागेल, कप्पी कुठे बसवायची, याचा हिशोब मांडला. तेवढी एक कल्पना सोडली तर बाकी चर्चेत त्यांनी लक्ष घातलं नाही. सगळ्यांना कॉफी मात्र दोनदा करून दिली.

निर्णय काही झाला नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या काढल्या, तर त्यांच्यामागोमाग भिंतीचा रंगही निघून आला. बाबांनी उखडलेल्या भिंतीकडे पाहिलंही नाही. पुढच्या रविवारी सगळे येणार ना, एवढंच त्यांनी विचारलं.

तुझा लोभ आहेच. तो असाच राहू दे आणि सोबत एखादा सल्लाही धाड.

तुझी,
कॅप्टन

ता. १० फेब्रुवारी

चि. कॅप्टन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोटभर हसले. लहानपणी भावंडांना ओळीत उभं करून दात घासायला लावायचीस, म्हणून तुला कॅप्टन म्हणायला लागलो. आता चिठ्ठ्या आल्या, एवढाच फरक. खुर्ची सोडण्याआधी दादाला नव्हे, मधल्याला बसवून बघा. वजनाने तो जास्त भरेल, आणि दोर टिकला तर दादाची चिंता मिटली.

एक विचारते, राग मानू नकोस. इतक्या चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या, त्यात दादाच्या किती होत्या? खोलीत तो होता, कॉफी त्याची होती, गुडघा त्याचा होता. तुझ्या पद्धतीत गुडघ्याच्या मालकाला काही जागा असते का, ते कळव.

मला या बाबतीत थोडं जास्त ठाऊक आहे, पण मी शब्दात अडकले आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्ही सगळे जाणताच. तरी या वेळी निदान महिनाअखेरपर्यंत तो भिजवत ठेवायचा निश्चय केला आहे.

प्रकृती सांभाळ, आणि भावाच्या फार मागे लागू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

आत्या

ता. २० फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन रविवारांची बातमी एकदम लिहिते, कारण पहिल्याची लिहायची लाज वाटत होती.

त्या दिवशी मी कामावरच्या रंगीत टोप्या नेल्या होत्या. पिवळी घातली की फक्त फायदे सांगायचे, लाल घातली की मनातलं बोलायचं, काळी घातली की फक्त दोष काढायचे. टोप्या आळीपाळीने बदलायच्या असतात. मधल्याने काळी घातली ती सोडेचना. पिवळी त्याला घट्ट होते म्हणे. शेवटी काळी टोपी घालूनच तो घरी गेला, आणि त्याची बायको सांगत होती की जेवतानाही त्याने ती काढली नाही. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

काल मी शेवटचा हुकमी एक्का काढला. प्रश्न उलटा करायचा. बाबांना सुखात कसं ठेवावं हे जमत नसेल, तर त्यांना जास्तीत जास्त दुःखी कसं करता येईल, ते लिहा. चिठ्ठीवर नाव नको. चिठ्ठ्या पातेल्यात टाकायच्या, आणि मी वाचणार. बाबांनाही एक कागद दिला, हे तुझ्या माहितीसाठी.

सुरुवातीला मजा आली. मग एक चिठ्ठी निघाली: दर चार महिन्यांनी घर बदलायला लावा, म्हणजे न्हाणीघराच्या दिव्याचं बटण हाताला सापडू लागलं की सामान बांधायची वेळ येईल. आत्या, ही तर माझीच योजना. दुसरी होती, पाहुण्यांच्या गाद्या ठेवतो त्या खोलीत ठेवा. ती ऐकून मधला काळी टोपी चाचपत बसला. तिसरी, जिथे एकही ओळखीचा चेहरा नाही तिथे सोबत मिळेल म्हणून पाठवा. शेंडेफळ खिडकीबाहेर पाहू लागली. आणि चौथी, मधल्याच्या बायकोची, कारण मी वाचत असताना तीच लाजून लाल झाली: त्यांच्या हातची कॉफी पीत, ते खोलीत नाहीतच असं समजून, त्यांच्याबद्दल बोलत राहा.

मी घाईने पातेल्यात पुन्हा हात घातला. 

शेवटची चिठ्ठी अगदीच भलती निघाली. 'हा प्रश्न लवकर सोडवा,' एवढंच. कोणाला तरी प्रश्न उलटा आहे हेच कळलं नव्हतं. मधल्याने शेंडेफळाचं नाव घेतलं, तिने त्याचं, आणि दोघं भांडत बसले. आधीच्या चिठ्ठ्या मागे पडल्या म्हणून मला बरंच वाटलं.

मग आम्ही तिघांनी बाबांना सरळ विचारलं की तुम्हाला काय हवंय. ते म्हणाले, विचार करून पुढच्या रविवारी सांगतो. मला तर काळजी वाटते. परवा ते जिन्यावर मध्येच बसले होते, असं शेजारी सांगत होते.

माया आहेच तुझी. त्यातलीच थोडी आज जास्त दे.

कॅप्टन

ता. २४ फेब्रुवारी

चि. कॅप्टन हिस,
अनेक आशीर्वाद.

तीळ भिजला नाही. दादा मला बोल लावेल, पण तो जिन्यावर बसला होता हे वाचल्यावर गप्प राहणं मला जमायचं नाही.

दादाच्या इमारतीत तळमजल्यावर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या बाई राहतात ना, त्यांना खाली उजेड पुरत नाही. भर दुपारी दिवा लावून रंगवावं लागतं. त्यांना तिसरा मजला हवा आहे आणि दादाला तळमजला. दोन्ही घरं एकाच मालकाची, आणि मालकाची ना नाही. हे सगळं तुझ्या पहिल्या सभेच्या आधीच ठरत आलं होतं. दादाने फक्त हो म्हणायचं बाकी आहे, आणि तो त्या बाईंना आज सांगतो, उद्या सांगतो करत झुलवतो आहे. त्यांनी आता दुसरीकडे घर पाहिलं आहे. महिनाअखेर दादाचा होकार आला नाही, तर त्या तिकडे जाणार आणि तळमजला मालकाच्या भाच्याला मिळणार.

का झुलवतो, हे त्याने मला लिहिलं होतं. वहिनी गेल्यापासून तुम्ही तिघं एका खोलीत एका वेळी बसला नव्हता. कोणी तरी एकटंच धावत यायचं, औषधं ठेवून धावत जायचं. आता दर रविवारी सगळे येता, भांडता, टोप्या घालता. त्याला वाटतं, प्रश्न सुटला की रविवारही संपले.

मी जन्मभर दोन माणसांना जोडून दिलं आणि मधून बाजूला झाले. आताही तेच करते. पुढचं तुमचं तुम्ही बोला.

आशीर्वाद, आणि मधल्यालाही थोडे.

आत्या

ता. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हातात देऊन मी स्वयंपाकघरात कॉफी करायला जाते आहे. आज कॉफी माझी. समोर बसून हे मला बोलता आलं नसतं.

आत्याने सगळं सांगितलं. तिच्यावर रागवू नका. येताना मी चित्रकार बाईंच्या दारापर्यंत गेले होते. तुमच्या वतीने होकार देऊन टाकावा असं मनात होतं. पण ती चौथी चिठ्ठी आठवली आणि घंटा न वाजवताच वर आले. होकार तुम्हीच द्या बाबा, पण आजच द्या.

ती भलती चिठ्ठी मी पिशवीतून काढून पुन्हा पाहिली. चौकोनी, ठसठशीत अक्षरं. 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी तुम्ही याच अक्षरांत लिहायचात. आम्ही तिघं ती पाटी बघत मोठे झालो, आणि आमच्यापैकी एकालाही अक्षर ओळखता आलं नाही. त्या दिवशी प्रश्न उलटा आहे हे सगळ्यांत नीट तुम्हालाच कळलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं.

रविवार संपणार नाहीत. पण मधल्याला नुसतं या म्हटलं तर तो येणार नाही. त्याला काहीतरी अडलेलं लागतं. तेवढं तुम्ही बघा.

तुमचा लोभ गृहीत धरत आले, तो यापुढे मागून घेईन.

तुमची,
कॅप्टन

ता. ७ मार्च

चि. कॅप्टन हिस,
अनेक आशीर्वाद.

होकार त्याच दिवशी दिला, ते तुला माहीत आहेच. चित्रकार बाई इतक्या खूश झाल्या की गुडघ्याला रंगीत पट्टा बांधून लिफ्टमध्ये उभा असलेला मीच त्यांनी कागदावर काढून दिला. भिंतीवरचे टवके त्या तसेच ठेवणार म्हणतात. त्यांना त्यात ढग दिसतात.

गुडघा आत्तापासूनच बरा वाटतो. तुझ्या आत्याला मी दोन ओळी खरमरीत लिहिल्या आणि खाली चार ओळी आभाराच्या.

आता एक अडचण आहे. तुझ्या आईचं मोठं कपाट जिन्याच्या वळणावरून उतरत नाही. मी मापं घेतली, कुठूनही जात नाही. मधल्याला तसं कळवलं, तर त्याने उलट टपाली काळी टोपी घेऊन येतो म्हणून लिहिलं. शेंडेफळ दोर आणि कप्पी आणणार आहे. सूनबाईला पातेलं आणायला सांगितलं. चिठ्ठ्या तू आण, भिंत आता बाईंची आहे, तेव्हा या वेळी दारावर लावू.

ते कपाट मागच्या बाजूचे स्क्रू काढले की चार तुकड्यांत सुटतं. तसंच तर मी ते वर चढवलं होतं. हे मला ठाऊक आहे, आणि आता तुला. रविवारी आपण दोघांनी शेजारी शेजारी बसायचं आणि संध्याकाळपर्यंत गप्प राहायचं.

लोभ मागून घेण्याची गरज नाही. कॉफी मात्र तूच कर.

बाबा