गॅस वाढला नाही

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, आणि घरापुरतं ते खरंही आहे. आई जिना चढते आणि वर पोचल्यावर गुडघ्याला बोल लावते. वहिनीला वाटतं, तू परगावी वेळेवर जेवत नसशील.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

रंगखात्याचं सांडपाणी ज्या बंद टाकीत जिवाणू खातात, तिच्यात कोळशाची पूड घालायची कल्पना माझी. कोळशाच्या आधाराने जिवाणू जोमाने काम करतात, हे आजही खोटं नाही. लगेच पाणी नितळ येऊ लागलं. आपला फिटर म्हणाला, "ताई, कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात. तुमचा तर पाणी उजळतोय!" मी हसले. तू म्हणालास, "दिसतंय ना स्वच्छ? मग सांडपाणी सोड दुप्पट." त्याच भरवशावर तू मोठी ऑर्डर घ्यायला गेलास.

मी दुप्पट सोडलं.

जिवाणूंनी घाण खाल्ली की गॅस होतो. दुप्पट खाल्ली तर गॅस वाढायला हवा. तो वाढला नाही. मी मीटरला दोष दिला, नळीला दिला, थंडीलाही दिला. तुला मात्र पाण्याचेच आकडे कळवत राहिले. तू गॅसचं विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही, अशी मनाची समजूत घातली. पण तुला विचारायचं सुचणार कसं? ते सांगणं माझं काम होतं.

काल टाकीच्या तळातला कोळसा काढून, त्यात अडकलेला रंग सुटतो का ते पाहायला, सोड्याच्या पाण्यात ढवळला. बादली लालभडक झाली. दादा, घाण कोणी खाल्लीच नव्हती. कोळशाने ती पोटात दाबून ठेवली होती, आणि आता त्याचं पोट भरलं आहे. जिवाणूंचं बस्तान अजून बसलेलं नाही, त्यातच आपण त्यांना दुप्पट वाढलं. टाकी आंबते आहे. असंच चालू ठेवलं, तर इथून पुढचा रंग सरळ खालच्या वस्तीच्या ओढ्यात जाईल.

उपाय आहे. आंबटपणा मोडायचा, पाणी थोडं थोडं सोडायचं, जिवाणूंना कोळशावर घर करू द्यायचं. गॅस वाढू लागला की मगच पाणी वाढवायचं. याला दोनेक महिने लागतील. तुझी ऑर्डर तेवढी थांबणार नाही, हे मला कळतं.

इतकं लिहिलं, पण मुद्द्याला अजून हात घातला नाही. आज सकाळी मी टाकीकडे येणाऱ्या सांडपाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. सांडपाण्याला जायला जागा नाही, त्यामुळे रंगखातं बंद पडलं आहे. रंगमास्तर तावातावाने आले. "मालकांना काय सांगू मी?"

"सांगा, त्यांच्या बहिणीने बंद केला."

ते गेल्यावर वाटलं, मी तुझी बहीण नसते, तर हे धाडस केलं असतं का? नोकरीच्या भीतीने कदाचित अजून मीटरच तपासत बसले असते.

कारखाना तुझा आहे. येऊन व्हॉल्व्ह उघडलास, तर मी तुझा हात धरू शकणार नाही. पण माझ्या हातून तो उघडणार नाही, आणि पाणी स्वच्छ आहे अशा कागदावर माझी सहीही होणार नाही. तुझा सौदा व्हायच्या आत हे पोचावं, म्हणून ड्रायव्हरला आत्ताच पाठवते आहे.

ऑर्डर घेऊ नकोस, दादा. घेतलीस, तर आधी दुसरा केमिस्ट शोध. रागावलास तरी जेवायला घरीच ये. मी समोर बसेन, उठून जाणार नाही.

तुझ्या उत्तराला घाबरणारी,
तुझी धाकटी